घड्याळावर नाव कुणाचं?

जुन्या वाड्यात किंवा कोकणातल्या एखाद्या घराच्या ओटीवर टोल्याचं लाकडी घड्याळ दिसलं, की पाहुणा हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "चालू आहे का?" आणि दुसरा, "कुठल्या कंपनीचं?" मग घरातलं कुणीतरी स्टुलावर चढून तबकडीवरचं नाव वाचतं. कधी जर्मन नाव असतं, कधी अमेरिकन, कधी नुसतंच मुंबईच्या विक्रेत्याचं. नाव वाचून झालं की सगळ्यांचं समाधान होतं. घड्याळ कुणी बनवलं ते कळलं, असं आपण धरून चालतो.

हस्तकला आणि कारखाना यांच्यातलं नातं हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि हे "धरून चालणं" मला गेले बरेच महिने छळतंय. कारण ज्या वस्तूवर सगळ्यात जास्त हात फिरलेला असतो, तिच्यावरच नेमकं त्या हाताचं नाव नसतं. आज हीच गोष्ट एका घड्याळाच्या निमित्ताने सांगतो. घड्याळ आपल्याकडचं नाही, जर्मनीतलं आहे. पण त्याच्याबद्दल कागदपत्रं इतकी चांगली टिकली आहेत, की एका कोरीव घड्याळामागे किती माणसं उभी असतात हे त्यावरून नीट दिसतं.

घड्याळ तुम्ही पाहिलेलं आहे, निदान चित्रात तरी. उतरत्या छपराचं लाकडी घर. भोवती कोरलेली पानं. वर शिंगं असलेलं डोकं, त्याखाली आडव्या तिरक्या दोन बंदुका, बाजूला लटकवलेला मेलेला ससा आणि पक्षी. खाली साखळ्यांना पाइनच्या फळांच्या आकाराची दोन लोखंडी वजनं. तास झाला की वरचं दार उघडतं आणि पक्षी बाहेर येऊन "कुक्कू" करतो. आपण त्याला कोकिळेचं घड्याळ म्हणतो, पण हा पक्षी आपला कोकीळ नव्हे. कोकिळाचा सूर चढत जातो. युरोपातल्या कुक्कूच्या हाकेत दोनच सूर असतात, आधी वरचा आणि मग खालचा. घड्याळातही नेमकं तेच ऐकू येतं.

हिवाळ्यातल्या शेतकऱ्याची गोष्ट

हे घड्याळ स्वित्झर्लंडचं, असं पुष्कळांना वाटतं. १९४९च्या 'द थर्ड मॅन' या गाजलेल्या चित्रपटातल्या एका संवादाने तो समज आणखी पक्का केला. प्रत्यक्षात ते जर्मनीच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ भागातलं आहे. या भागाचं नाव ब्लॅक फॉरेस्ट. हो, केकवालंच.

पर्यटकांना तिथे एक सुंदर गोष्ट सांगितली जाते. हिवाळ्यात बर्फ पडायचं, शेतीचं काम बंद, मग शेतकरी शेकोटीपाशी बसून लाकूड कोरायचा आणि त्यातून घड्याळ जन्माला यायचं. शतकानुशतकं हे असंच चाललं.

या गोष्टीतला काही भाग खरा आहे. सतराव्या शतकापासून तिथे घड्याळं बनत होती, आणि सुरुवातीच्या घड्याळांची चाकंसुद्धा लाकडाची असत. शेतीशी संबंध होता हेही खरं, पण तो वेगळ्या प्रकारचा. या भागात पुष्कळ ठिकाणी शेताची वाटणी होत नसे. अख्खं शेत एकाच वारसाकडे जायचं. बाकीच्या भावंडांनी काय करायचं? कुणी मजुरी करायचं, कुणी गाव सोडायचं, कुणी हातात हुन्नर घ्यायचं. म्हणजे घड्याळ हा रिकाम्या वेळातला छंद नव्हता. ज्यांच्या वाट्याला जमीन आली नाही अशा पुष्कळांचं ते पोट होतं.

आणि गोष्टीतला जो भाग आपल्याला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणजे कोरीव काम, तो तर बराच अलीकडचा आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात तिथलं नेहमीचं घड्याळ कोरीव नव्हतंच. समोर एक सपाट लाकडी पाटी, वरून कमानदार, त्यावर पांढरा रंग, फुलं रंगवलेली, वरून चकाकणारं रोगण. बस्स. पाटीमागे यंत्र, खाली लंबक आणि वजनं.

एक घड्याळ, अनेक घरं

हे रंगीत पाटीचं घड्याळसुद्धा एकट्याचं काम नव्हतं. एक घर यंत्राची लाकडी चौकट करायचं. दुसरीकडे पितळेची चाकं आणि घंटा ओतल्या जायच्या. पाट्या करणारा वेगळा, त्या रंगवणारा वेगळा, साखळ्या करणारा वेगळा. घड्याळजी हे सगळं गोळा करून जुळवायचा. मग फेरीवाला पाठीवर लाकडी चौकट बांधून, तिला घड्याळं लटकवून निघायचा, आणि या फेरीवाल्यांच्या मंडळ्या इंग्लंडपासून रशियापर्यंत पोहोचल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या डोंगरातून वर्षाला लाखो घड्याळं बाहेर पडत होती, तीही मोठा कारखाना नसताना.

मग कुक्कू कुणी शोधला? इथे इतिहासकाराची खरी पंचाईत होते. फ्रान्झ श्टायरर या धर्मगुरूने १७९६मध्ये या भागातल्या घड्याळांचा इतिहास लिहिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन फेरीवाल्यांना वाटेत बोहेमियातला एक विक्रेता भेटला, त्याच्याकडे लाकडी कुक्कूची घड्याळं होती, आणि त्यावरून इथल्या कारागिरांनी आपली बनवली. १८१०मध्ये मार्कुस फिडेलिस येक या दुसऱ्या धर्मगुरूने लिहिलं, की शोध शोनवाल्ड गावच्या केटरर या घड्याळजीचा, आणि त्याला कल्पना सुचली चर्चमधल्या ऑर्गनच्या भात्यावरून. दोन पुस्तकं, मधे जेमतेम चौदा वर्षं, आणि गोष्टी अगदी वेगळ्या. दोघांनीही घटना घडल्यावर पन्नासेक वर्षांनी किंवा त्याहून उशिरा लिहिलंय.

त्यातून बोलणारा यांत्रिक कुक्कू त्याच्याही आधीचा. फिलिप हाइनहोफर याने १६२९मध्ये सॅक्सनीच्या राजघराण्याकडचं असं एक घड्याळ वर्णन करून ठेवलंय, आणि १६५०मध्ये अथानासियस किर्शर या पंडिताने संगीतावरच्या आपल्या ग्रंथात यांत्रिक कुक्कू कसा चालतो ते दाखवलंय. तरीही पर्यटकांना आजही केटररचंच नाव सांगितलं जातं. का? कारण "कुणी शोधला?" या प्रश्नाला एक नाव हवं असतं. "हळूहळू, अनेकांनी, एकमेकांचं बघून" हे उत्तर फलकावर लिहिता येत नाही.

अमेरिकेचा धक्का

१८४०च्या दशकात या सगळ्या व्यवस्थेला तडा गेला. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात पितळेच्या पत्र्यातून चाकं छापून काढायला सुरुवात झाली होती. चॉन्सी जेरोम या उत्पादकाने १८४२मध्ये अशी स्वस्त घड्याळं इंग्लंडला पाठवली. इंग्लंड हे ब्लॅक फॉरेस्टचंही मोठं गिऱ्हाईक. हाताने जुळवलेल्या घड्याळाने छापील चाकांशी किंमतीत स्पर्धा कशी करायची?

आपल्याकडे हातमागाचा इतिहास वाचलेल्या कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की इथे राज्यकर्ते स्वतःचे होते आणि त्यांना आपला धंदा वाचवायचा होता. बाडेनच्या सरकारने १८५०मध्ये फुर्टवांगेन गावी घड्याळ बनवण्याची शाळा काढली. पहिला संचालक नेमला रोबेर्ट गेर्विग. हा घड्याळजी नव्हे, इंजिनिअर. वय तीस. (पुढे याच गेर्विगने डोंगर पोखरत जाणारा ब्लॅक फॉरेस्टचा रेल्वेमार्ग आखला. तो १८७३मध्ये पूर्ण झाला.)

गेर्विगच्या लक्षात आलं, की यंत्र सुधारून भागणार नाही, घड्याळाचं रूपही जुनं झालंय. म्हणून १८५०च्या सप्टेंबरमध्ये त्याने देशातल्या कलाकारांना आवाहन केलं, की घड्याळाच्या पेटीसाठी नवीन नमुने पाठवा.

आलेल्या नमुन्यांपैकी ज्याने इतिहास घडवला तो पाठवला होता फ्रीड्रिख आइझेनलोरने. हा वास्तुविशारद. बाडेनच्या नव्या रेल्वेवरच्या इमारती त्याच्याकडे होत्या. त्याने काय केलं, तर रुळाशेजारी गेटमनसाठी बांधतात त्या छोट्या घराचा दर्शनी भाग घेतला, त्यात तबकडी बसवली आणि भोवती वेल सोडला. शाळेच्या जुन्या हस्तलिखित अहवालात त्याला "आयव्हीच्या वेलीची पाटी असलेलं भिंतीवरचं घड्याळ" म्हटलंय. प्रत्यक्षात ती पानं द्राक्षवेलीची आहेत. अहवाल लिहिणाऱ्यानेही पानं नीट पाहिली नाहीत, हे मला फार बोलकं वाटतं.

म्हणजे आपण ज्याला जंगलातल्या शेतकऱ्याची प्राचीन कला समजतो, त्याचा आराखडा आला रेल्वेतून. त्या काळातली सगळ्यात आधुनिक गोष्ट कुठली? रेल्वे. तिच्या चौकीदाराचं घर भिंतीवर टांगायचं, ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. आजही जर्मनमध्ये या नमुन्याला "बानहॉइझले" म्हणतात, म्हणजे "रेल्वेचं घरकुल". आइझेनलोरला मात्र त्याचं यश फारसं पाहायला मिळालं नाही. तो १८५४मध्येच वारला.

कागदावरची वेल, लाकडातली वेल

इथून पुढची गोष्ट कोरणाऱ्यांची आहे आणि इथूनच कागदपत्रं मुकी व्हायला लागतात.

आइझेनलोरची वेल सपाट होती. बारीक करवतीने कापून काढावी अशी. पण साधारण १८६०पर्यंत हे रूप बदललं. पानं फुगली, वळली, पाटीपासून सुटून पुढे आली. शिकारीचा देखावा आला. वर शिंगांचं डोकं बसलं. आइझेनबाखचा योहान बाप्टिस्ट बेहा हा त्या काळचा नामवंत घड्याळजी. १८५४च्या डिसेंबरमध्ये त्याने या नव्या घराच्या आकाराची दोन घड्याळं विकल्याची नोंद आहे, पण त्यांच्या दर्शनी भागावर तेव्हा तैलचित्रं होती, कोरीव काम नव्हतं. १८६२मध्ये तोच बेहा हाडाचे कोरीव काटे आणि पाइनफळाच्या आकाराची ओतीव वजनं असलेली, भरपूर सजवलेली घड्याळं विकू लागला होता. आठ वर्षांत चित्राकडून कोरीव कामाकडे.

हा बदल कुठल्या स्पर्धेतून आला नाही आणि तो कुणा एका वास्तुविशारदाचाही नाही. तो कोरणाऱ्यांच्या बाकावर झाला.

हे काम कसं चालतं ते थोडं बघू. लाकूड सहसा लिंडेनचं. मऊ, एकसारख्या पोताचं, पटाशी कुठल्याही दिशेने घातली तरी फारसं न फाटणारं. आधी नमुना फळीवर आखायचा आणि बाहेरची रेघ करवतीने कापायची. मग गोल धारेच्या पटाशीने पानाचं पोट खोल करत जायचं, कडा पातळ ठेवायची. शेवटी टोकदार पटाशीने शिरा ओढायच्या. कोरणाऱ्याचं कसब दिसतं ते दोन ठिकाणी. पहिलं, पानाचा देठ. लाकडाचे तंतू ज्या दिशेने धावतात त्याला आडवा देठ काढला, तर तो आज ना उद्या मोडणार. म्हणून मुळात फळीवर नमुना ठेवतानाच विचार करावा लागतो. दुसरं, पानाच्या मागची बाजू. ती कुणी बघत नाही, पण मागून लाकूड काढून कड पातळ केली तरच पान समोरून हलकं, खरं वाटतं. शिंगं बहुतेकदा वेगळी कोरून डोक्यात बसवतात, आणि जुन्या घड्याळांत सगळ्यात आधी हरवतात तीही शिंगंच.

आता आत काय चालतं ते. डाव्या-उजव्या बाजूला एकेक लाकडी नळी आणि तिच्यावर कागदाचा किंवा कातड्याचा छोटा भाता. एक वजन वेळ चालवतं, दुसरं टोले आणि पक्षी. तास झाला की दुसरी चाकं सुटतात, तारा भात्यांना उचलून सोडतात, हवा नळीतून जाते. आधी वरचा सूर, मग खालचा. किती वेळा बोलायचं हे ठरवतं एक खाचांचं चाक, ज्याच्या दोन खाचांमधलं अंतर दर तासाला वाढत जातं. या चाकाला काटे कुठे आहेत याची काही खबर नसते. ते आपलं एकानंतर दोन, दोनानंतर तीन मोजत जातं. म्हणून काटे भलतीकडे फिरवले, की चार वाजता पक्षी सात वेळा ओरडतो. आपल्याकडच्या कित्येक जुन्या टोल्याच्या घड्याळांतही हीच व्यवस्था असते. "आजोबांचं घड्याळ वेड्यासारखे टोले देतं" ही तक्रार बऱ्याचदा बिघाडाची नसतेच. कुणीतरी घाईत काटे फिरवलेले असतात.

मग बनवलं कुणी?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अशा घड्याळावर नाव असलंच, तर ते जुळवणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं असतं. बेहाचं नाव आपल्याला माहीत आहे कारण त्याच्या विक्रीच्या नोंदी टिकल्या. आइझेनलोरचं माहीत आहे कारण तो सरकारी वास्तुविशारद होता. गेर्विगचं माहीत आहे कारण तो शाळेचा संचालक होता. ज्याच्या हाताने पान वळलं, तो घरी बसून नगावर काम करायचा. कोरीव कामावर त्याची सही सहसा सापडत नाही. त्या घरातल्या बायका-मुलांचा हात किती होता, हे तर आणखीच पुसट.

जे लिहितात, ज्यांच्याबद्दल लिहिलं जातं, ज्यांना बिल द्यावं लागतं, त्यांची नावं उरतात. हे दुष्टपणाने होतं असं नाही. कागदाचा स्वभावच तो. पण इतिहासकाराने कागदाच्या स्वभावाला सत्य समजू नये.

यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कोरीव काम हे यंत्रयुगाच्या आधीचं अवशेष नाही. यंत्रयुग आलं म्हणून ते आलं. १८६१मध्ये श्रामबेर्ग गावात एर्हार्ड युंगहान्सने कंपनी काढली. पुढे त्यांनी अमेरिकन पद्धतीच उचलल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जगातली सगळ्यात मोठी घड्याळ कंपनी झाली. एकाच डोंगराळ प्रदेशाने एकाच धक्क्याला दोन उत्तरं दिली. एक, आपणही यंत्र घ्यायचं. दुसरं, यंत्राला जे सहज जमत नाही ते वाढवायचं. छापील चाकाशी हाताने केलेलं चाक हरतं. पण वळलेल्या पानाला तेव्हा छाप नव्हता. म्हणून पानं दाटत गेली. कोरीव कामाची ती भरगच्च हौस म्हणजे नुसती आवड नव्हती, बाजारात टिकण्याची धडपडही होती.

त्याची किंमतही होती. नगावर काम म्हटलं की तोच ससा, तेच डोकं, तेच पान शेकडो वेळा. कोरणारा हात स्वतःच थोडा यंत्र होतो. "हस्तकला" हा शब्द आपण प्रेमाने उच्चारतो तेव्हा हे विसरतो. म्हणून मला "अस्सल" या शब्दाची जरा भीतीच वाटते. रेल्वेच्या चौकीचा आराखडा, सरकारी शाळेचं आवाहन, अमेरिकेची भीती आणि घरबसल्या मजुरी, या सगळ्यांनी मिळून जे घडलं तेच इथलं अस्सल आहे. ते वगळून मागे कुठे शुद्ध काही नाही.

पाठ बघा

गेर्विगने एक आणखी काम करून ठेवलं. १८५२मध्ये त्याने शाळेसाठी जुनी घड्याळं जमवायला सुरुवात केली, तो संग्रह वाढत वाढत आज फुर्टवांगेनचं जर्मन घड्याळ संग्रहालय झालाय. नवीन नमुने मागवणाऱ्या माणसानेच जुनी घड्याळं सांभाळायला घेतली, आणि आज कोरणाऱ्यांचा माग काढायचा तर अशा जपलेल्या घड्याळांकडेच जावं लागतं.

कारण कागद मुका असला, तरी लाकूड पूर्ण मुकं नसतं. पानाच्या मागे पटाशीच्या खुणा असतात. एकाच घड्याळावरची दोन पानं वेगळ्या पद्धतीने कापलेली असली, तर कदाचित दोन हात असतील. खिळ्यांची जुनी भोकं दुरुस्ती सांगतात. वेगळ्या रंगाचं शिंग नंतर बसवलेलं असतं. नाव मिळत नाही, पण माणूस होता एवढं मिळतं.

हे लिहिताना आपल्या वाड्यांच्या खांबांवरची लाकडी केळफुलं सारखी डोळ्यांसमोर येत होती. वाडा कुठल्या सरदाराचा हे आपण पटकन सांगतो. केळफूल कुणी कोरलं, हे विचारायची आपल्याला सवयच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी घरातलं जुनं घड्याळ साफ करायला खाली उतरवाल, तेव्हा एक करा. तबकडीवरचं नाव वाचून झालं की ते हलक्या हाताने उलटं करून पाठ बघा. पेन्सिलीची एखादी खूण, आकडा, घड्याळजीने दुरुस्ती करताना लिहिलेली तारीख, पटाशीचा घसरलेला फटका, काहीही असू शकतं. पुसू नका. फोटो काढून ठेवा. समोरच्या बाजूवर विकणाऱ्याचं नाव असतं. बनवणाऱ्याचं काही उरलं असेल, तर ते तिथेच असेल.